गिळायचा त्रास असलेल्या माणसाला घरी आणण्याआधी

स्ट्रोकनंतर घरी येणाऱ्या माणसाला गिळायला जमत नसेल, तर तयारी डिस्चार्जच्या दिवशी करू नका. डोक्याकडून उचलता येणारा पलंग भाड्याने मिळतो, पण तो तुमच्या जिन्यातून वर चढेल का ते आधी मोजा. नॅपकिन, छोटा चमचा, मिक्सर हे सांगायला नको.

तोंड साफ करायचं सामान मात्र पहिलं आणा. मऊ ब्रश, गॉज, टॉर्च. मागच्या वेळी आमच्याकडे बाकी सगळं आलं, हेच राहिलं आणि बाबा न्यूमोनियाने परत ॲडमिट झाले. लाळही गिळावीच लागते. ती श्वासनळीत उतरली की तोंडातले जंतू फुप्फुसात नेते. नाकात नळी असली की लोक म्हणतात, खातच नाहीत तर घासायचं काय? घासायचंच. उलट नळीवाल्याचं तोंड जास्त घाण होतं.

हॉस्पिटल सोडण्याआधी स्पीच थेरपिस्टकडून (गिळणंही तेच तपासतात) लिहून घ्या: पेय किती घट्ट, घास किती मऊ, मान कशी ठेवायची. हनुवटी छातीकडे झुकवणं सगळ्यांना लागू नसतं, शेजाऱ्याचं ऐकून करू नका. मुंबईत असाल तर पुढच्या तपासण्यांसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग वाचा-श्रवण संस्था किंवा नायर हॉस्पिटलचा स्पीच थेरपी विभाग, जे जवळ पडेल तिथे विचारा. घट्टपणा ‘आयडीडीएसआय’ या आंतरराष्ट्रीय मापाच्या ० ते ७ पातळ्यांत सांगतात. पातळ द्रवांसाठी १० मिलीची सिरिंज पुरते: सुई आणि दट्ट्या काढा, तोंडाशी बोट धरून १० मिलीपर्यंत भरा, बोट सोडा आणि १० सेकंद मोजा. ४ ते ८ मिली उरलं तर पातळी २, त्याहून जास्त उरलं पण थोडं तरी गळलं तर ३. पेय घट्ट करायची पावडर अंदाजाने घालणारे हमखास चुकतात.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणेल. ते पाणीच आहे, पातळ असल्याने श्वासनळीत पळू शकतं; घट्ट केल्याशिवाय द्यायचं नाही. तीर्थाचा चमचाही नाही, आजी रागावल्या तरी. आइस्क्रीम तोंडात वितळून पातळ होतं. पातळ आमटीत कालवलेला भात सगळ्यात फसवा: पाणी आधी पळतं, शितं मागे राहतात. कोरडे पोहे, चिवडा, चिकट साबुदाणा बंद.

गोळ्या सरसकट कुटू नका. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आवरण असलेल्या काही गोळ्या कुटायच्याच नसतात. प्रत्येकीचं केमिस्टला नव्हे, डॉक्टरांना विचारा.

ब्यूरोची (रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) मावशी ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी तिच्यासमोर तोंड साफ करून दाखवा. जेवणाआधी आणि जेवणानंतर. बसवून, नाहीतर कुशीवर वळवून, ओलसर ब्रशने. चूळ भरायला लावायची नाही. कवळी काढून धुवायची. लुळ्या बाजूच्या गालात टॉर्च मारून बघायचं, तिथे घास तासन्‌तास दडून बसतो आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. ‘पाणी पाजलं की तोंड आपोआप धुतलं जातं’ म्हणणारी मावशी आम्हाला भेटली आहे. ब्रश हातात द्या आणि ती करते का ते समोर उभं राहून बघा.

भरवताना टीव्ही बंद, पाठ सरळ, माणूस पूर्ण जागा. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. काहींना श्वासनळीत गेलेलं जाणवतच नाही. घशात पाणी असल्यासारखा ओला आवाज, ताप, घरघर, यांतलं काहीही दिसलं तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना फोन. रात्रीच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर भिंतीवर. वजन आठवड्याला एकदा.

आणि ब्रश आणला का?