शिवारफेरीत मागं चालायचं

साताऱ्याच्या माण तालुक्यात पाणलोटाचं काम शिकलेली पोरं-पोरी आता आफ्रिकेतल्या प्रकल्पांवर जातात. निघण्याआधी माझ्याकडं येतात, म्हणून हे लिहून ठेवतेय. टांझानियात डोडोमाजवळ मी तीन वर्षं काम केलं.

आधी स्वतःची जीभ तपासा. 'हबशी', 'काळे' हे शब्द इथंच सोडून जा. सावळी म्हणून पोरगी नाकारणाऱ्या घरांत आपण वाढलोय, ती नजर आपल्यासोबत विमानात बसते. तिथं वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणा. आपल्या नमस्काराइतकंच त्याला मोल आहे.

पहिले पंधरा दिवस ए-फ्रेम, म्हणजे उतारावर समपातळी शोधायची चौकट, बाहेर काढायची नाही. शिवारफेरी करा, पण पुढं गावातली माणसं, त्यातही शेतात राबणाऱ्या बाया. आपण मागं. पाऊस ओढला तर काय पेरता, हा उतार मोकळा का ठेवलाय, एवढंच विचारा आणि ऐका. मी पहिल्याच आठवड्यात पाणी अडवायला माणमधल्यासारखे समतल चर आखले. ते नेमके गुरांच्या वाटेवर आले. एका आजीनं हात धरून वाट दाखवली, आणि तीन दिवसांचं खोदकाम बुजवावं लागलं.

कोंगवा तिथून जवळच. १९४७ साली ब्रिटिश सरकारनं तिथं भुईमुगाची अवाढव्य योजना काढली. ऊन लागलं की ती माती दगडासारखी होते, पावसाचाही भरवसा नाही. १९५१ मध्ये सगळं गुंडाळलं, साडेतीन कोटींहून जास्त पौंड बुडाले. तिथं पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे गोगो लोक शेजारीच होते.

करारावर सही करण्याआधी विचारा: माझंच काम करणाऱ्या स्थानिक इंजिनिअरला पगार किती? अहवालावर त्याचं नाव येणार का? आमच्या प्रकल्पात मला त्याच्या दुप्पट मिळायचे आणि अहवालात तो 'मदतनीस' होता. मी हे फार उशिरा विचारलं, त्याची बोच अजून आहे. बजेट तिथल्या स्वाहिली भाषेत लिहून गावच्या बैठकीत वाचा.

फोटो परवानगीशिवाय नको. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या आजीचा फोटो कुणी न विचारता देणगीच्या पत्रकावर छापला असता तर?

आणि येताना शिकून या. बुर्किना फासोचे याकूबा सावाडोगो यांनी १९८०च्या दशकात तिथल्याच जुन्या झाई खड्ड्यांत सुधारणा केली. उन्हाळ्यात खड्डे काढून शेणखत भरायचं. त्याच्या ओढीनं वाळवी येते, माती पोखरते, आणि पहिला पाऊस आत मुरतो. आमच्या माळावर मी असे दोनशे खड्डे काढलेत. बघायला येणाऱ्यांना आधी सावाडोगोंचं नाव सांगते.