स्पेक्ट्रमवर न लुकलुकणारा नारळ

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर हलतं चित्र लुकलुकायला लागलं की हमखास सल्ला मिळतो, ‘आणखी एक हॉल्ट टाका.’ टाकू नका. हॉल्ट म्हणजे पुढच्या चौकटीपर्यंत प्रोसेसरला थांबवणारी आज्ञा; आणखी एक टाकला की खेळाचा वेग सेकंदाला ५० चौकटींवरून २५वर येतो आणि लुकलुकणं जिथल्या तिथे राहतं. दुसरा सल्ला असा की सगळं चित्र वेगळ्या मेमरीत काढा आणि दर चौकटीला अख्खा स्क्रीन कॉपी करा. स्क्रीनचे ६,१४४ बाइट आणि एलडीआयआर या कॉपी करणाऱ्या आज्ञेला बाइटमागे २१ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), म्हणजे झाले जवळजवळ १,२९,०००. एका चौकटीत मिळतात ६९,८८८. सल्ला देणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

खेळ साधाच घेऊ. वर माड, त्यावरून पडणारे सहा नारळ, खाली डावी-उजवीकडे सरकणारा हारा. ४८ केचं मशीन किंवा आजच्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करणारा फ्यूज एम्युलेटर, आणि लिहिलेल्या आज्ञांचा मशीन कोड करणारा पास्मोसारखा असेम्ब्लर. बेसिकमध्ये हे होणार नाही, त्यात वेळ घालवू नका. कोड ३२,७६८च्या वर ठेवा. त्याखालची रॅम व्हिडिओ चिपशी वाटून घ्यावी लागते, त्यामुळे स्क्रीनवर चित्र उमटत असताना तिथला कोड अडखळतो.

खरं मशीन असेल तर आधी मागचा एज कनेक्टर, म्हणजे जोडणीच्या धातूच्या पट्ट्या, बघा. माझा डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, १९८८मध्ये भारतात निघाला तो. घर वेंगुर्ल्याला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्याने त्या पट्ट्यांवर दर पावसाळ्यात हिरवट थर चढतो. विजेची वायर काढून खोडरबराने हलकं घासायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

स्क्रीनच्या ओळी मेमरीत क्रमाने नसतात. १९२ रेषांचे पत्ते एका तक्त्यात भरून ठेवा, ३८४ बाइट जातात, जाऊ देत. रंग आठ बाय आठच्या चौकोनात दोनच मिळतात. आकाश काळं आणि नारळ एकाच रंगाचे ठेवले की तो प्रश्न मिटला. नारळ सरळ खाली पडतो, म्हणून त्याचा उभा पट्टा आठने भाग जाणाऱ्या जागी धरा. मग १६ बाय १६चा नारळ दोन बाइट रुंदीत बसतो. हारा आडवा सरकतो, त्याच्या मात्र आठ सरकवलेल्या प्रती आधीच करून ठेवा.

पडणं गुळगुळीत हवं तर जागा आणि वेग दोन्ही १६ बिटांत ठेवा: वरचा बाइट पिक्सेल, खालचा अपूर्णांक. दर चौकटीला वेगात २० मिळवा, मग वेग जागेत मिळवा. नारळ सव्वा सेकंदाहून किंचित उशिरा खाली येतो आणि शेवटी चौकटीमागे पाच पिक्सेल पडतो. डोळ्यांना पटतं.

आता लुकलुकणं. यात माझा अख्खा मे महिना गेला. हॉल्टनंतर मी आधी कीबोर्ड वाचायचो, गुण छापायचो, मग सहाही नारळ पुसायचो आणि शेवटी सहाही काढायचो. खाली सगळं ठीक दिसे, म्हणून मी ग्राफिक्सच्या बाइटमध्ये चूक शोधत बसलो. सुट्टीला आलेला भाचा बाजूला आंबा चोखत बसला होता. तो म्हणाला, ‘मामा, नारळ वर आसताना दिसत नाय, खाली इलो की दिसता.’

बिघाड नेमका तिथेच होता. हॉल्ट सुटतो तो इंटरप्टवर, म्हणजे दर चौकटीच्या सुरुवातीला प्रोसेसरला मिळणाऱ्या इशाऱ्यावर. तिथून टीव्हीचा किरण, जो वरून खाली रेषेरेषेने चित्र काढतो, तो आधी वरच्या बॉर्डरच्या (चित्राबाहेरच्या कडेच्या) ६४ रेषा काढतो, प्रत्येकी २२४ टी-स्टेट. म्हणजे चित्राच्या पहिल्या रेषेला पोचेपर्यंत तुमच्या हातात १४,३३६ टी-स्टेट असतात. माझं गुण छापणं आणि पुसणं होईपर्यंत ते संपत आलेले असायचे. किरण माडाच्या शेंड्यावरून जायचा तेव्हा तिथले नारळ पुसलेले, पण काढायचे बाकी. किरण खाली पोचेपर्यंत मी सगळे काढून मोकळा, म्हणून खाली ठीक.

अंदाजाने जुळवू नका, मोजा. नारळ काढायला लागण्याआधी पोर्ट २५४वर २ पाठवा, काम संपलं की ०. बॉर्डरवर लाल पट्टा दिसतो. त्याची उंची म्हणजे तुमचा वेळ. सगळ्यात वरच्या काही रेषा टीव्ही खातो, तेवढं धरून चला. माझ्या रुटीनला एक नारळ साधारण ३,५०० टी-स्टेट घेतो, म्हणजे पट्ट्याच्या १६ रेषा.

दुरुस्तीचा पहिला भाग क्रमाचा. हॉल्टनंतर लगेच चित्र, बाकी सगळा हिशोब नंतर. नारळ वरून खाली या क्रमाने घ्या आणि एकेकाचं काम पुरतं संपवा. चार नारळ १४,००० मध्ये होतात, ते कुठेही असू देत. पाचवा आणि सहावा होईपर्यंत किरण चित्रात उतरलेला असतो. मी त्यांना २०व्या आणि ४०व्या रेषेच्या वर येऊच देत नाही. म्हणजे काय, तर नारळ सोडतानाच अंतर राखायचं. हारा सगळ्यात शेवटी, तो तळालाच आहे.

दुसरा भाग मला फार उशिरा सुचला: नारळ पुसायचाच नाही. नवा नारळ जुन्यावर सरळ छापा, मास्क (मागचं चित्र राखणारा साचा) वगैरे नको, आणि वर मोकळ्या झालेल्या रेषा तेवढ्या शून्य करा. नारळ एक क्षणही गायब होत नाही, त्यामुळे लुकलुकायला काही उरतच नाही. किरणाने गाठलाच तर नारळ मधे चिरल्यासारखा दिसेल, म्हणून वरचा क्रम तरीही पाळा. हे जमतं कारण मागचं आकाश कोरं आहे. तिथे ढग काढायची हौस असेल तर मागचे बाइट जपून ठेवून परत टाकावे लागतील, आणि लाल पट्टा वाढेल.

एम्युलेटरवर जमलं की खऱ्या मशीनवर चढवा. हे मशीन प्रोग्रॅम कॅसेट टेपच्या आवाजातून वाचतं, म्हणून टेपची ध्वनिफाइल करून फोनवरून इअर सॉकेटला द्या, आवाज जवळजवळ पूर्ण, फोन फ्लाइट मोडवर. मधे एक व्हॉट्सअ‍ॅपची टिंग आली की ‘टेप लोडिंग एरर’. पत्र्यावर पाऊस कितीही वाजू दे, आवाज वायरने जातो. लाइट गेली तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.