गाडीच्या संगणकाला काय दिसते, ते आधी पाहावे

पेट्रोल गाडीचा नियंत्रण संगणक, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ईसीएम, इंजिनाला प्रत्यक्ष पाहत नाही. सेन्सरकडून आलेल्या व्होल्टेजवरून आत गेलेल्या हवेचा हिशेब मांडून इंजेक्टर किती मिलीसेकंद उघडायचा आणि ठिणगी केव्हा पाडायची, एवढे तो ठरवतो. सेन्सरनेच खोटे सांगितले, तर तो चुकीचे काम अगदी बिनचूक करतो.

त्याचे आकडे पाहायला स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटमध्ये बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल पुरेसा आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करावी. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळपास सारखी असली पाहिजेत. एखादे उणे ४० दाखवत असेल, तर वायर तुटलेली किंवा कनेक्टर सुटलेला असण्याची शक्यता मोठी. मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब या वेळी बाहेरच्या हवेइतकाच असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने तो ९४ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. कसारा घाट उतरून मुंबई गाठली की तोच सेन्सर १०० च्या आसपास जातो, म्हणून नाशिकला कमी आकडा दिसला तरी सेन्सर बदलायला निघू नये.

यानंतर इंजिन पूर्ण गरम करून पुन्हा पाहावे. माझ्या गाडीचा दोष तिथेच सापडला. मायलेज घसरले म्हणून एका गॅरेजने इंजेक्टर साफ करून पैसे घेतले होते, फरक शून्य. स्कॅनरवर कूलंट ६० अंशांवर अडकलेले आणि दीर्घकालीन फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलाच्या हिशेबात संगणक सतत करत असलेली दुरुस्ती, उणे १२ टक्के. इंजिन बंद करून रेडिएटरच्या वरच्या पाइपाला बोट लावले, तर चटका बसला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला असता, तर पाइप एवढा तापला नसता. कूलंट सेन्सरचा रोध तापल्यावर काही हजार ओहमांवरून काही शेंवर येतो; कनेक्टरच्या पिनेवरील हिरव्या गंजाने त्यात थोडी भर घातली, की सकाळी ती जाणवत नाही, पण गरम इंजिनात संगणकाला इंजिन अजून थंडच आहे असे वाटते. मग तो जास्त पेट्रोल ओततो आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ते कमी करायला लावतो. उणे १२ आले ते यातूनच.

बॅटरीची ऋण तार काढून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्या. हे काम लांबणीवर टाकू नये, कारण बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखाही याच आकड्यावर सुरू होतो आणि आकडा खोटा थंड असेल, तर तो वेळेवर सुरू होणार नाही.