लॅनवर एकत्र खेळता येणारे गेम कसे शोधायचे

गेमवर ‘मल्टिप्लेअर’ असं लिहिलंय म्हणून तो लॅनवर, म्हणजे एकाच घरातल्या किंवा खोलीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या जोडणीवर, चालेलच असं समजू नका. हल्लीच्या बऱ्याच गेमांत शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांची गाठसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवरच पडते. इंटरनेट गेलं की खेळ बंद. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट टू’ लॅनची सोय न देताच बाजारात आला, तेव्हा खेळणाऱ्यांनी बरीच आरडाओरड केली होती, पण ती सोय काही आली नाही. म्हणून गेम निवडताना लॅन आहे का ते आधी बघायचं. ग्राफिक्स आणि रेटिंग नंतर.

एवढी शोधाशोध करण्यासारखं त्यात आहे का? नक्कीच आहे. वायरने जोडलेल्या लॅनवर पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, एखाद्या मिलिसेकंदाच्या आसपास असतो, खेळताना डेटा खर्च होत नाही, आणि ज्याला हरवलं त्याचा चेहरा समोर दिसतो.

पायरी १ : माणसं आणि मशीनं मोजा

किती जण खेळणार, कोणाकडे विंडोज आहे, कोणाकडे मॅक किंवा लिनक्स, आणि सगळ्यांत जुना लॅपटॉप कोणाचा, हे लिहून काढा. गेम निवडायचा तो त्या जुन्या लॅपटॉपकडे बघून. एक जण मशीन चालत नाही म्हणून मागे बसून नुसता बघत राहिला, तर त्या बैठकीला अर्थ उरत नाही.

पायरी २ : योग्य ठिकाणी शोधा

स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेच्या स्टोअरमध्ये सर्चच्या बाजूला खेळाडूंच्या संख्येचे फिल्टर असतात. त्यांत ‘लॅन पीव्हीपी’ आणि ‘लॅन को-ऑप’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिला एकमेकांविरुद्ध खेळायला, दुसरा एका बाजूने. ‘शेअर्ड स्क्रीन’ किंवा ‘स्प्लिट स्क्रीन’ हा पर्याय मात्र एकाच कॉम्प्युटरवर दोन कंट्रोलर लावून खेळण्यासाठी आहे. घाईत तोच टिक केला जातो आणि मग प्रत्येकाच्या लॅपटॉपवर गेम टाकून झाल्यावर घोळ लक्षात येतो.

स्टीमवरची माहिती गेम बनवणाऱ्यांनीच भरलेली असते, म्हणून मी तेवढ्यावर थांबत नाही. पीसीगेमिंगविकी नावाची साइट उघडा, गेमचं नाव टाका आणि पानावरच्या नेटवर्कच्या तक्त्यावर या. लोकल, लॅन आणि ऑनलाइन अशा वेगवेगळ्या ओळी, किती खेळाडू चालतात आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना नीट वाचा. लॅनसाठी कमांड टाइप करावी लागते का, लॉगिन लागतं का, हे तिथेच सापडतं. पुष्कळदा कोणता पोर्ट (गेम ज्या क्रमांकावरून जोडला जातो तो) लागतो तेही दिलेलं असतं; तो टिपून ठेवा, फायरवॉलशी, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, गाठ पडली की उपयोगी पडेल.

पायरी ३ : पैसे देण्याआधी तीन प्रश्न

इंटरनेट पूर्ण बंद असताना लॅनचा सामना सुरू होतो का? प्रत्येकाला स्वतंत्र प्रत विकत घ्यावी लागते का? सगळ्यांची आवृत्ती एकच असेल का? पहिल्या दोन प्रश्नांत बरेच मोठे गेम गळतात. तिसऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण ऐन वेळी दगा तोच देतो. आवृत्तीत थोडा जरी फरक असला तरी कित्येक गेम एकमेकांना जोडूनच घेत नाहीत.

हॉस्टेलवर पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या क्रॅक केलेल्या प्रती घेऊ नका. त्यांच्यासोबत व्हायरस येतो आणि कोणाकडे कुठली आवृत्ती आहे याचाही पत्ता लागत नाही. फुकट आणि कायदेशीर असे इतके चांगले गेम असताना त्या वाटेला जायचं कारणच नाही.

पायरी ४ : इथून सुरुवात करा

माझी पहिली शिफारस ‘झिरो ए.डी.’. एज ऑफ एम्पायर्सच्या धाटणीचा, मुक्तस्रोत, पूर्ण मोफत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारा. आठ जणांपर्यंत खेळता येतो. यात मौर्य साम्राज्य निवडता येतं: हत्तींचं सैन्य, नायक म्हणून चंद्रगुप्त आणि अशोक, शिवाय चाणक्यसुद्धा. लॅनवर लावायलाही सोपा. एकाने मल्टिप्लेअरमध्ये जाऊन ‘होस्ट गेम’ निवडायचं, म्हणजे तो यजमान (होस्ट) झाला. बाकीच्यांनी ‘जॉइन गेम’मध्ये त्याच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक; कुठे सापडतो ते पायरी ५ मध्ये) टाकायचा. पोर्ट २०५९५ आधीच भरलेला असतो, तो बदलू नका. नकाशा आधी लहान घ्या. मोठ्या नकाशावर आठ फौजा वाढत गेल्या की जुनी मशीनं धापा टाकतात, आणि एकाचं मशीन अडखळलं की सगळ्यांचाच खेळ रेंगाळतो.

मारामारी नको असेल तर ‘ओपनटीटीडी’. १९९५ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’वर बेतलेला, रेल्वे, बस आणि जहाजांच्या कंपन्या चालवायचा गेम. कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि सर्व्हरच्या यादीतच लॅनवर शोधायचं बटण आहे. गोळीबारच हवा असेल आणि मशीनं कमकुवत असतील तर ‘असॉल्टक्यूब’. लहान मुलं असतील तर ‘सुपरटक्सकार्ट’. २०१९ च्या १.० आवृत्तीपासून तो नेटवर्कवर खेळता येतो आणि अँड्रॉइडवरही आहे.

विकतच्या गेमांत ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ अजूनही स्टीमवर मिळतो आणि सर्व्हर शोधायच्या खिडकीत लॅनचा वेगळा टॅबच आहे. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत जग उघडून एस्केप दाबलं की ‘ओपन टू लॅन’ दिसतं. मात्र जावा आणि बेडरॉक या दोन आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा कोणाकडे कुठली आहे ते आधी विचारा.

पायरी ५ : जोडणी

चार-पाच लॅपटॉप असतील तर पाच किंवा आठ पोर्टचा (इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची खाच) साधा गिगाबिट स्विच, म्हणजे सगळे लॅपटॉप एकत्र जोडणारा डबा, आणि कॅट ५ई प्रकारच्या नेटवर्क केबली घ्या. घरच्या राउटरच्या मागे सहसा लॅनचे पोर्ट असतात, त्यांतला एक स्विचला जोडला की पत्ते आपोआप वाटले जातात. वायफायवरही खेळता येतं, पण फास्ट गेममध्ये फरक जाणवतो. दोघंच असाल तर दोन लॅपटॉप एका केबलने थेट जोडले तरी भागतं. तेव्हा पत्ते १६९.२५४ ने सुरू होतात. ते चूक नाही, खुशाल वापरा.

होस्टचा पत्ता विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘आयपीव्ही४’ समोर दिसतो. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो.

मोठा गेम असेल तर प्रत्येकाने वेगळा डाउनलोड करत बसू नका. फुकट गेमचा इन्स्टॉलर एकाने उतरवावा आणि बाकीच्यांना पेनड्राइव्हवर द्यावा. आवृत्तीचा प्रश्नही तिथेच मिटतो. स्टीममध्ये २०२३ पासून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर लॅनमधूनच गेम कॉपी होतो. हे सगळं मंडळी जमण्याआधी उरका आणि दोन मशीनांवर एक छोटा सामना खेळून बघा.

पायरी ६ : गेम दिसतच नसेल तर

बहुतेक वेळा दोष फायरवॉलचा. गेम पहिल्यांदा सुरू होताना विंडोज परवानगी विचारतं, तिथे ‘कॅन्सल’ दाबलं असेल तर त्या गेमला कायमची मनाई होते आणि तो प्रश्न पुन्हा येत नाही. फायरवॉलमधल्या परवानगी दिलेल्या ॲपच्या यादीत जाऊन गेमसमोर ‘प्रायव्हेट’वर टिक करा. नेटवर्कचा प्रकारही ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. फायरवॉल पूर्ण बंद करायची गरज नाही.

तरी जमत नसेल तर वायफाय बघा. गेस्ट नेटवर्कवर आणि कॉलेज-हॉस्टेलच्या वायफायवर जोडलेली उपकरणं अनेकदा एकमेकांना दिसू नयेत अशी सोय केलेली असते. तिथे सेटिंग्जशी झगडण्यात वेळ घालवू नका. स्वतःचा एखादा जुना राउटर लावा. त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं. राउटर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करा. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर मोबाइल डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट चालतो.

शेवटचा संशयित म्हणजे व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं) किंवा व्हर्च्युअल मशीनचं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं) सॉफ्टवेअर. ते आपलं एक खोटं नेटवर्क कार्ड बसवतं आणि जुने गेम नेमके त्याच्यावर हाका मारत बसतात. खेळापुरतं ते कार्ड डिसेबल करा आणि यादी पुन्हा रिफ्रेश करा.