हॉटेलच्या लॅन वायरवरून मोबाइल-टॅबवर इंटरनेट घेताना या चुका टाळा

सोलापुरात मुक्कामाला येणाऱ्यांमध्ये दोन प्रकारची मंडळी जास्त दिसतात. एक म्हणजे टॉवेल, चादरी आणि गणवेशांच्या खरेदीसाठी आलेले व्यापारी, आणि दुसरी म्हणजे येथे खोली घेऊन अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूरचे दर्शन करणारी कुटुंबे. दोघांनाही मोबाइल किंवा टॅबवर भरवशाचे इंटरनेट लागते. जुन्या, जाड भिंतींच्या लॉजमध्ये मात्र कोपऱ्यातील खोलीपर्यंत वायफाय धड पोहोचत नाही, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सगळ्या खोल्या भरल्या की आहे तेही तुटक चालते. अशा वेळी टेबलामागच्या भिंतीत असलेले लॅनचे (इमारतीतल्या वायरवरच्या नेटवर्कचे) सॉकेट हा खरोखर चांगला मार्ग आहे. मी येथील लॉज आणि हॉटेलांच्या नेटवर्कची जोडणी व दुरुस्ती करतो, आणि या सॉकेटला मोबाइल जोडण्याच्या खटपटीतून निर्माण झालेल्या तक्रारी मला वारंवार निस्तराव्या लागतात. चुका ठरावीक असतात आणि त्यातील बहुतेक केवळ घाईमुळे होतात, म्हणून त्या एकदा नीट लिहून ठेवत आहे.

मार्ग मुख्यतः दोन आहेत. एकच उपकरण असेल तर यूएसबी-सी किंवा लायटनिंगचा लॅन अडॅप्टर घेऊन वायर थेट मोबाइलला जोडता येते. उपकरणे एकापेक्षा जास्त असतील तर खिशात मावणारा छोटा राउटर वायरला लावून खोलीपुरते स्वतःचे वायफाय तयार करावे. माझे मत विचाराल तर कुटुंबासह प्रवास करणाऱ्याने राउटरच घ्यावा.

सॉकेट जिवंत आहे का, हे न पाहता सेटिंग बदलत बसणे

वायर लावल्याबरोबर इंटरनेट आले नाही की लोक लगेच मोबाइलच्या सेटिंगमध्ये शिरतात, नेटवर्क रीसेट करतात आणि त्या भरात घरचे, ऑफिसचे सगळे जतन केलेले वायफाय पासवर्ड पुसून बसतात. वास्तविक पहिली नजर राउटरच्या किंवा अडॅप्टरच्या दिव्याकडे जायला हवी. दिवा लागलाच नसेल, तर मोबाइलमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. खोल्यांमध्ये वायफाय आल्यानंतर अनेक लॉजमालकांनी खोल्यांच्या लॅन वायरी स्विचमधून (सगळ्या खोल्यांच्या वायरी जेथे एकत्र जोडतात त्या पेटीतून) काढून टाकल्या आहेत. भिंतीतले सॉकेट दिसायला शाबूत असते, पण जिन्याखालच्या रॅकमध्ये त्याचे दुसरे टोक मोकळे लोंबत असते. अशा वेळी रिसेप्शनला फोन करून "आमच्या खोलीची लॅन वायर स्विचला लावलेली आहे का, जरा पाहता का?" एवढेच विचारावे. सौजन्याने विचारले तर हे काम पाच मिनिटांत होते.

पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये वायर बसत नाही म्हणून ती जोर लावून दाबू नये, कारण ते बहुधा इंटरकॉमचे अरुंद सॉकेट असते. टीव्हीच्या बॉक्सची वायर काढून ती वापरणेही बहुतेक ठिकाणी व्यर्थ ठरते, कारण टीव्हीचे नेटवर्क अनेकदा वेगळे ठेवलेले असते. खोलीतल्या वायरची क्लिप तुटलेली असेल तर ती दर हालचालीला सुटते. मी स्वतः प्रवासात दोन मीटरची चांगली वायर जवळ ठेवतो आणि खोलीत मिळालेली वायर वापरतच नाही.

भिंतीतली वायर राउटरच्या चुकीच्या पोर्टमध्ये लावणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण हिचा त्रास करणाऱ्याला कमी आणि शेजाऱ्यांना जास्त होतो.

राउटरला एक वॅन पोर्ट असते आणि एक किंवा अधिक लॅन पोर्ट असतात. बाहेरून येणारे इंटरनेट वॅनमध्ये घ्यायचे असते. लॅन पोर्ट आपल्या उपकरणांसाठी असतात. लॅनच्या बाजूला राउटर स्वतः पत्ते, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचे क्रमांक, वाटतो. जो कोणी त्या बाजूला जोडला जाईल त्याला तो "हा तुझा आयपी पत्ता, आणि बाहेर जाण्याचा दरवाजा मी" असे सांगतो. भिंतीतली वायर लॅन पोर्टमध्ये लावली की हॉटेलच्या नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे होतात. एक हॉटेलचा खरा राउटर, आणि दुसरा पाहुण्याचा, ज्याच्या वॅनमध्ये काहीच जोडलेले नाही. ज्या उपकरणाला दुसऱ्याचे उत्तर आधी मिळते, त्याचे इंटरनेट बंद पडते.

स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये नेमके हेच घडले. सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे पाहुणे खोल्या सोडण्याच्या ऐन वेळेला, रिसेप्शनच्या संगणकावरून पावती निघेना आणि कार्ड मशीन चालेना. मॅनेजरने इंटरनेट कंपनीला फोन केला, तर लाइन व्यवस्थित असल्याचे उत्तर मिळाले, आणि ते खरेही होते. मी पोहोचलो तेव्हा मॅनेजर हताश होऊन म्हणाले, "साहेब, वरच्या मजल्यावर काहींचं चालतंय, काहींचं नाही. असं कसं होतं?" काहींचे चालते आणि काहींचे नाही, हेच या आजाराचे मुख्य लक्षण आहे. मी संगणकाला मिळालेला पत्ता पाहिला. त्या लॉजचा राउटर १९२.१६८.१०.१ वर आहे, आणि संगणक मात्र १९२.१६८.०.१ ला दरवाजा समजून बसला होता. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर एका घरगुती राउटरचे लॉगिनचे पान उघडले. त्या बनावटीचा एकही राउटर लॉजमध्ये नव्हता.

मग त्या पत्त्याला सतत पिंग (म्हणजे "आहेस का?" अशी विचारणा) सुरू ठेवून मी जिन्याखालच्या स्विचमधील खोल्यांच्या वायरी एकेक करून काढत गेलो. दुसऱ्या मजल्यावरील एका खोलीची वायर काढताच उत्तरे थांबली. त्या खोलीतील पाहुणे गणवेशांच्या खरेदीसाठी बाहेर गेले होते. त्यांनी घरचा चार पोर्टांचा राउटर सोबत आणला होता, आणि रात्री वायर पहिल्या दिसेल त्या पोर्टमध्ये खोचून ते निर्धास्त झोपले होते. त्यांच्या टॅबला योगायोगाने हॉटेलच्या राउटरकडून पत्ता मिळाल्यामुळे त्यांचे इंटरनेट मात्र उत्तम चालले होते. वायर काढल्यानंतरही प्रश्न लगेच सुटला नाही, कारण ज्या उपकरणांनी चुकीचा पत्ता घेतला होता ती मुदत संपेपर्यंत तोच धरून बसतात. रिसेप्शनचा संगणक, कार्ड मशीन आणि पाहुण्यांचे मोबाइल प्रत्येकी एकदा नेटवर्कमधून काढून पुन्हा जोडावे लागले. दुपार त्यातच गेली.

चांगल्या प्रतीच्या स्विचमध्ये असा आगंतुक पत्तावाटप रोखण्याची सोय असते, आणि लॉजमालकांनी तिच्यासाठी थोडा जास्त खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे. पण स्वस्तातल्या स्विचमध्ये ती नसते, हे गृहीत धरून पाहुण्याने वागावे. वॅन पोर्ट अनेकदा वेगळ्या रंगाचे असते, परंतु रंगावर विसंबू नका, पोर्टशेजारचे नाव वाचा. एकच पोर्ट असलेल्या छोट्या राउटरमध्ये ते वॅन म्हणून वागणार की लॅन म्हणून, हे निवडलेल्या मोडवर ठरते. म्हणून मी अशा राउटरचा मोड घरीच ठरवतो आणि घरच्या राउटरच्या मागे लावून एकदा चालवून पाहतो. निघण्याच्या दिवशी नवी पेठेतून राउटर घ्यायचा आणि त्याचा खोका थेट हॉटेलच्या खोलीत उघडायचा, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही.

राउटरचा स्वतःचा पत्ता हॉटेलच्या पत्त्यासारखाच ठेवणे

बरेच राउटर कारखान्यातून १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर येतात आणि बऱ्याच हॉटेलांचे नेटवर्कही त्याच मालिकेत असते, म्हणजे पत्त्यातले पहिले तीन आकडे सारखेच असतात. दोन्ही बाजूंना एकच मालिका आली की माहिती कोणत्या दिशेला पाठवायची हे राउटरला ठरवता येत नाही. काही राउटर हे ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, सगळे नाही. मी माझ्या राउटरला कायम १९२.१६८.७७.१ देऊन ठेवतो, त्यामुळे हा प्रश्न उद्भवतच नाही.

लॉगिनचे पान उघडत नाही म्हणून वायरला दोष देणे

वायर ठीक, दिवा चालू, पत्ताही मिळाला, तरी काहीच उघडत नाही, अशी तक्रार आली की मी आधी लॉगिनच्या पानाची चौकशी करतो. बऱ्याच हॉटेलांमध्ये खोली क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक टाकून ओटीपी भरल्याशिवाय इंटरनेट सुरू होत नाही, आणि ही अट वायरलाही लागू असते. वायर लावली म्हणजे सगळे थेट सुरू होईल, हा समज चुकीचा आहे.

हे पान अडण्याची कारणे बहुधा आपल्याच उपकरणात असतात. व्हीपीएन (सगळी माहिती दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) आधीपासून चालू असेल तर पान येत नाही. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, मोबाइलमध्ये खाजगी डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरची) सोय आहे; जाहिराती अडवण्यासाठी तेथे एखादा पत्ता भरून ठेवलेला असेल, तर लॉगिन होईपर्यंत तो सर्व्हर गाठता येत नाही आणि पान कोरे राहते. ती सेटिंग तेवढ्यापुरती ऑटोमॅटिक करावी. राउटरमध्ये हाताने ८.८.८.८ सारखा डीएनएस भरून ठेवला असेल तर तोही काढावा. त्यानंतर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे पान उघडावे. ते मुद्दाम एन्क्रिप्शनशिवाय ठेवलेले असल्यामुळे हॉटेलच्या यंत्रणेला आपल्याला लॉगिनच्या पानाकडे वळवता येते. बँकेचे किंवा ईमेलचे पान उघडून पाहिले तर केवळ सुरक्षिततेचा इशारा दिसतो आणि लोक घाबरून माघार घेतात.

येथे आणखी एक गोष्ट हमखास चुकते. तपासणी करताना मोबाइल डेटा बंद ठेवायलाच हवा, कारण वायरवर लॉगिन झालेले नसले तर मोबाइल मुकाट्याने सिमच्या डेटावर जातो. आपल्याला वायर चालते आहे असे वाटते आणि रात्रभरात डेटा पॅक संपतो. परंतु तो बंद करण्यासाठी विमान मोड लावू नये, कारण मग ओटीपीचा एसएमएसच येणार नाही. फक्त मोबाइल डेटाचे बटण बंद करावे. सिम नसलेल्या टॅबसाठी ओटीपी दुसऱ्या मोबाइलवर मागवता येतो, आणि तेही जमत नसेल तर रिसेप्शनकडून कूपन क्रमांक मागावा.

छोटा राउटर वापरण्याचा खरा फायदा या टप्प्यावर कळतो. हॉटेलच्या यंत्रणेला राउटर हे एकच उपकरण दिसते, त्यामुळे एका मोबाइलवरून लॉगिन केले की त्यामागची सगळी उपकरणे चालू होतात. त्यासाठी तो राउटर मोडमध्ये असावा लागतो. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे स्वतः पत्ते न वाटता हॉटेलचेच नेटवर्क वायफायवर पुढे देणाऱ्या मोडमध्ये) ठेवला तर प्रत्येक उपकरणाला वेगळे लॉगिन करावे लागते.

अडॅप्टरच्या बाबतीत

अडॅप्टर जोडल्यावर अँड्रॉइडमध्ये "इथरनेट टेदरिंग" नावाचा पर्याय उजळतो आणि नवखे लोक तो उत्साहाने चालू करतात. तो उलट दिशेचा आहे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट वायरवर बाहेर देण्यासाठी आहे. तो बंदच ठेवावा.

काही मोबाइलमध्ये ओटीजी (मोबाइलच्या पोर्टला बाहेरची उपकरणे जोडू देणारी सेटिंग) आधी चालू करावे लागते आणि वापर नसला की ते आपोआप बंद होते. रियलटेक ८१५३ किंवा एएसआयएक्स ८८१७९ चिप असलेले अडॅप्टर बहुतेक मोबाइल वेगळे ॲप न घालता ओळखतात, म्हणून खरेदी करताना खोक्यावर चिपचे नाव पाहावे. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आहे. त्याआधीच्या आयफोनला लायटनिंगचा अडॅप्टर लागतो आणि त्याला बहुधा चार्जरही जोडावा लागतो. अडॅप्टर ओळखला गेला की आयफोनच्या सेटिंगमध्ये "इथरनेट" ही ओळ दिसते. तिच्यात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर हॉटेलकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे आणि पुन्हा वायरकडे, सॉकेटकडे वळावे.

राउटरला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून देऊ नये, ती अनेकदा अपुरी पडते आणि राउटर मध्येच बंद-चालू होत राहतो; त्याच्यासोबत आलेला चार्जरच वापरावा. दाराजवळच्या खाचेत कार्ड ठेवल्यावरच वीज येणाऱ्या खोल्यांमध्ये कार्ड काढले की राउटरही बंद पडतो, आणि परत आल्यावर काही ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते. फ्रिजसाठी अशा खोल्यांत बहुधा एक सॉकेट कायम चालू ठेवलेले असते. मोकळी जागा असल्यास राउटर तेथे लावावा. खोली सोडण्यापूर्वी लॉगिनच्या पानावर जाऊन लॉगआउट करावे, कारण काही हॉटेलांत प्रत्येक खोलीला ठरावीक उपकरणांचीच मुभा असते आणि आपला राउटर नोंदीत राहिला तर पुढच्या पाहुण्याची एक जागा अडून राहते.