गुंतलेला भेदभाव आणि आरोग्य: वडोदऱ्यात अभ्यास कसा करावा

समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्याचा अभ्यास करताना जातीचा एक प्रश्न आणि लैंगिकतेचा दुसरा, अशी वेगवेगळी मोजणी करून भागत नाही. वंश आणि लिंग यांवरून होणारे अन्याय एकमेकांत मिसळून निराळाच अनुभव घडवतात, हे अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडले. आपल्याकडे त्यात जात, वर्ग आणि भाषाही धरावी लागते.

म्हणून आधी नीतिशास्त्र समितीची (संशोधनात सहभागींचे हित जपले जाते ना, हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी घ्यावी आणि मग मुलाखतीत प्रसंगच विचारावा: ‘दवाखान्यात शेवटचे कधी गेलात, केसपेपरवर काय लिहिले गेले, सोबत कोण होते?’ केसपेपरवर पुरुष आणि अंगावर साडी असली, की रांगेतल्या नजरा चुकवण्यासाठी माणूस ताप अंगावर काढतो. त्यात रोजंदारी बुडणार असेल, तर उपचार आणखी लांबतात. कारण कोणते, हे आपण ठरवू नये; सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्यावे.

मुलाखत घरी घेऊ नये. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारासारख्या जुन्या मराठी वस्तीत आडनाव कळले की घर कळते, त्यामुळे केवळ नाव बदलणे मला अपुरे वाटते. वय, व्यवसाय आणि गल्ली यांचा एकत्र उल्लेखही टाळावा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले, तरी घरच्यांची भीती उरलीच आहे. संमती तोंडी घेण्याची मुभा समितीकडून आधीच मागून ठेवावी, कारण सहीचा कागद घरात सापडू शकतो.