ब्रह्मदेशावर पहिला माहितीपट करताना

ब्रह्मदेशावर माहितीपट करायला आपल्याकडून निघणारे बरेच जण इगतपुरीमार्गे निघतात. विपश्यनेचं शिबिर झालेलं असतं, गोएंका गुरुजी मंडालेत जन्मले हे ठाऊक असतं आणि डोळ्यांपुढे यांगोनच्या श्वेडगॉन पॅगोड्याचा सोनेरी कळस असतो. तो कळस कुणीही टिपतं. तुम्ही घरात शिरा. बुद्धाच्या देव्हाऱ्याखेरीज लाल फडकं बांधलेला, न सोललेला नारळ टांगलेला दिसेल. तो घर राखणाऱ्या मिन महागिरी या नाताचा, म्हणजे लोकदेवतेचा. पंचशील पाळणारी आजी त्यालाही मनोभावे पुजते. तिला यात विसंगती वाटत नाही, तर निवेदनात तुम्हीही ती शोधू नका. आणि बहुसंख्य बामार समाजातले बौद्ध म्हणजे अख्खा देश नव्हे. चिन आणि काचिन हे समाज बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत आणि रोहिंग्यांना तर नागरिकत्वच नाकारलंय.

आता मी जिथे पोळलो ते नीट वाचा. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता घेतली. त्याआधी लोक कॅमेऱ्यासमोर मोकळेपणी बोलले होते, संमतीपत्रावर सह्याही होत्या. एका रात्रीत त्याच मुलाखती त्यांना तुरुंगात नेऊ शकतील अशा झाल्या. सही जुन्या परिस्थितीतली होती, धोका आजचा होता. म्हणून संमती पुन्हा विचारायची: संकलन सुरू करताना, महोत्सवाला पाठवताना, ऑनलाइन टाकताना, दर वेळी. माणूस नाही म्हणाला तर तो प्रसंग गेला, कितीही सुंदर असो.

चेहरा धूसर केला की झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आवाज ओळखू येतो. लोंजीच्या, म्हणजे लुंगीसारख्या वस्त्राच्या, विणीवरून माणूस काचिन की करेन हे कळतं. खिडकीतल्या पॅगोड्यावरून गाव कळतं. गोंदण, दुकानाची पाटी, मागे हाक मारणारी बहीण, सगळं तपासा. मूळ फुटेज फोनमध्ये ठेवून सीमा ओलांडू नका.

हे वाचून हातपाय गाळू नका. चेहऱ्याशिवायही माणूस पडद्यावर उभा राहतो. सहाणेवर चंदन उगाळावं तशी तनाखाची, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या लेपाची, लाकडी कांडी ओल्या दगडावर उगाळणाऱ्या बाईचे हात दाखवा, मागे तिचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या आवाजात येऊ द्या. 2007 च्या भिक्खूंच्या आंदोलनावरच्या 'बर्मा व्हीजे' या माहितीपटात चोरून टिपलेल्या चित्रणाला पुनर्रचित प्रसंगांची जोड आहे. 2022 मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळालेल्या 'म्यानमार डायरीज'च्या दिग्दर्शकांनी तर स्वतःची नावंही दिली नाहीत.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत ठाम आहे. 'संघर्ष शोध, अश्रू शोध' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. पहिला कट बर्मी बोलणाऱ्या माणसाला दाखवा, तोही तुमच्या दुभाष्याला सोडून दुसऱ्या कुणाला. दुभाषा पाच मिनिटांचं बोलणं दोन वाक्यांत उरकतो आणि उरलेलं तुमच्या हाती लागतच नाही. सीमेपलीकडे थायलंडमधल्या मे सॉतला असे मदत करणारे भेटतात. त्यांना रीतसर मानधन द्या आणि श्रेयनामावलीत नाव घालायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.